परमुलखातील लग्नघर

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. आमचे कुटुंब एकत्र. त्यामुळे गेल्या पंधरा-सोळा वर्षांत घरची पाच-सहा कार्ये आम्ही पदर खोचून पार पाडली आहेत. रुखवतापासून रुसव्यांपर्यंत लग्नघरातले सारे काही आपल्याला ठाऊक झाले, अशी आमची समजूत होती. ती किती अपुरी होती, हे कळावयास मात्र समुद्रापलीकडे जावे लागले. २०१८ च्या नोव्हेंबरात आम्ही इस्राएलात एका मैत्रिणीच्या लग्नाच्या तयारीस गेलो होतो. त्या तीन आठवड्यांची ही हकीगत आहे.

ही मैत्रीण मूळची ठाण्याची. शाळेत पहिल्या इयत्तेपासून आमच्या शेजारी बसणारी. ती बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातील यहुदी समाजातली. या समाजाची परंपरागत कथा अशी की, फार प्राचीन काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांच्या वंशजांनी कोकणात तेलाचे घाणे चालविले. शनिवारी ते घाणा जुंपीत नसत, म्हणून गावकरी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. पोथ्या समुद्रात गेल्या, भाषा विसरली. परंतु शनिवारचा विसावा, मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि 'शेमा इस्राएल' ही प्रार्थना एवढे त्यांनी जिवापाड जपले. बाकी सर्व आपलेच झाले. लुगडी आपली, बोली आपली, आणि आडनावेही पेणकर, दिवेकर, केहिमकर अशी गावांवरून पडलेली. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर यांतील पुष्कळ कुटुंबे तिकडे गेली. मैत्रिणीच्या वडिलांनी रेल्वेतली नोकरी सोडली नाही. पण त्यांची बहीण, म्हणजे मैत्रिणीची आत्या, आईबापांबरोबर गेली. पुढे वडील वारल्यावर मैत्रीणही परिचारिकेचे काम पत्करून आत्याकडे गेली. आई मात्र ठाणे सोडावयास तयार झाली नाही, आणि ठाण्यासच निवर्तली.

एके रात्री मैत्रिणीचा दूरध्वनी आला. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी तिचे लग्न ठरले होते. "तू ये," ती म्हणाली. "पाहुणी म्हणून नको. आईनं जे केलं असतं ते करायला कुणीतरी हवं. आत्या आहे गं, पण नेमक्या वेळी ती मागे सरते." हे शेवटचे वाक्य तेव्हा आम्हांस उमगले नाही.

घरी विषय काढला. सासूबाई क्षणभर गप्प राहिल्या. तीन आठवडे सून घराबाहेर, तीही परमुलखात, आणि तेही दुसऱ्याच्या लग्नासाठी! परंतु मैत्रिणीच्या आईच्या हातची पुरणपोळी त्यांनी आवडीने खाल्लेली होती. "आईवेगळी पोर आहे, जा," एवढेच त्या म्हणाल्या.

खरी तयारी केली ती आमच्या थोरल्या वन्सनी. वन्स तिशीच्या आत विधवा होऊन माहेरी आल्या. आमच्या घरचे कोणतेही कार्य त्यांच्यावाचून तडीस गेलेले नाही. पापडांचे पीठ त्यांनी कुटून घ्यावे, आहेराच्या याद्या त्यांनी कराव्यात, मांडवातला कोणता पाहुणा कोणावर रुसला आहे हे त्यांनी ओळखावे. आणि हळद लागावयाच्या वेळी त्यांनी माजघराच्या दाराआड उभे राहावे. तसे त्यांना कोणी सांगत नाही. परंतु 'पुढे या' असेही कोणी म्हणत नाही. इतक्या वर्षांत ही गोष्ट आमच्या डोळ्यांस कधी खुपली नव्हती. मैत्रिणीसाठी हिरव्या बांगड्या घ्यावयास वन्स आमच्याबरोबर बाजारात आल्या. काच, रंग, माप सर्व त्यांनीच पारखले; पण कासाराने बांगड्या पुढे करताच म्हणाल्या, "तू घे हातात." घरी आल्यावर जुन्या धोतराचे मऊ तुकडे त्यांनी फाडून दिले, बांगड्या गुंडाळल्या आम्ही.

आणखी एक काम मैत्रिणीने सांगितले होते. तिच्या देशात यहुद्यांचे लग्न धर्मपीठाच्या कचेरीत नोंदवावे लागते. निव्वळ सरकारी नोंदणीचा विवाह तेथे होत नाही. वधू यहुदी असल्याचा पुरावा लागतो, आणि आईबापांचा विवाहलेख हा त्यातला मोठा पुरावा. या लेखास 'केतुबा' म्हणतात. पतीने पत्नीचे काय देणे लागते ते त्यात लिहिलेले असते आणि खाली साक्षीदारांच्या सह्या असतात. मैत्रिणीच्या आईचा केतुबा ठाण्यास एका नातलगांच्या पत्र्याच्या पेटीत राहिला होता. त्याची छबी तिने कचेरीत दिली होती. परंतु मूळ कागद पाहिल्याशिवाय अखेरचा शिक्का मिळावयाचा नव्हता. तो पिवळा पडलेला कागद आम्ही घरी आणला, तेव्हा त्यावरील अरामी लेखातले एक अक्षरही आम्हांस वाचता येईना. वन्सनी मात्र खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. एका साक्षीदाराची सही होती, ती स्वच्छ बाळबोध मराठीत.

विमानप्रवासाचे वर्णन करून वाचकांस शिणवीत नाही. तेल अवीवहून दक्षिणेस मोटारीने सुमारे दोन तासांवर दिमोना नावाचे गाव आहे. बीर शेवा शहर मागे पडले की नेगेवचे वाळवंट लागते; दोन्ही बाजूंस पिवळसर टेकड्या, मध्येच एखादे खुरटे झाड. या उजाड माळावर १९५५ साली सरकारने हे गाव वसविले आणि मोरोक्को, रुमानिया, हिंदुस्थान अशा ठिकाणांहून आलेल्या यहुद्यांस तेथे घरे दिली. आज या गावास तिकडचे लोक 'छोटा हिंदुस्थान' म्हणतात. आत्याबाई कुटुंबासह १९६० च्या सुमारास तेथे आल्या, तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. "मोटारीतून उतरलो तर सगळीकडे वाळूच वाळू," त्या सांगत. "माझी आई मात्र चहूंकडे पाहत होती. म्हटलं, काय शोधतेस? तर म्हणते, माड कुठे दिसतो का ते."

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या या आत्याबाईंचे मराठी ऐकून आम्ही थक्क झालो. आपल्या शहरांतील मराठीवर गेल्या साठ वर्षांत जे जे संस्कार झाले, त्यांचा वाराही त्या बोलीस लागला नव्हता. त्यांच्या फडताळात 'मायबोली' या तिकडे निघणाऱ्या मराठी नियतकालिकाचे जुने अंक रचून ठेवलेले होते. सणांची नावेही त्या कोकणातलीच घेत. वर्षप्रतिपदा म्हणजे 'नव्याचा सण', प्रायश्चित्ताच्या उपवासाचा दिवस म्हणजे 'दारफळणी'. आणि यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले त्या दिवसाचा उपवास म्हणजे 'बिरड्याचा रोजा', कारण तो वालाच्या बिरड्याने सोडावयाचा! दोन हजार वर्षांपूर्वीच्या दुःखास वालाच्या बिरड्याची जोड देणारी ही माणसे परकी म्हणावयाची कशी?

मलिद्यासाठी आत्याबाईंनी रामल्याच्या बाजारातून नारळ मागविले होते. त्यांनी खवणीची विळी पुढे केली. ती त्यांच्या आईने अलिबागेहून नेलेली. आमच्या घरी हल्ली खोबरे यंत्रात वाटले जाते. दोन वाट्यांत आमचे बोट कापले. आत्याबाईंनी विळी काढून घेतली आणि म्हणाल्या, "राहू दे. तू मदतीला आली आहेस ना? मग बस आणि गप्पा मार." मदतीस आलेल्या पाहुणीचा पहिला दिवस असा गेला.

दुसरा याहून वाईट. पेटी उघडून धोतराचे तुकडे सोडले, तो चार डझनांपैकी तेरा बांगड्यांचे तुकडे हातात आले. आमच्या तोंडून गेले, "अगं बाई, फुटल्या!" आत्याबाईंनी झटकन वर पाहिले. "फुटल्या काय म्हणतेस? वाढवल्या म्हणावं. लग्नघर आहे हे." आम्ही ओशाळलो. हा शब्द आमच्या आजीचा. काचेच्या बांगडीविषयी 'फुटणे' हा शब्द उच्चारू नये, हे आम्हांस आजीने शिकविले होते. आणि ते विसरलेल्या आम्हांस पुण्याहून शेकडो कोस दूर, वाळवंटातल्या एका यहुदी आजीने त्याची आठवण करून द्यावी!

तिसऱ्या दिवशी कचेरीत जावयाचे होते. आत्याबाईंस काही काम नसताना त्या आमच्याबरोबर निघाल्या. इस्त्रीची साडी, हातात एक जुनी पिशवी. वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. कचेरीतल्या तरुण गृहस्थाने केतुबा उजेडाकडे धरला, छबीशी ताडून पाहिला, बाळबोध सही दिसताच किंचित हसला, आणि शिक्का मारला. पाच मिनिटेही लागली नाहीत. आत्याबाई उठेनात. "झालं?" त्यांनी मैत्रिणीस विचारले. "झालं, आत्या." "एवढंच?" मग त्यांनी पिशवी उघडून दाखविली. तीत त्यांच्या आजीच्या थडग्याचे छायाचित्र, आईचा केतुबा, अलिबागच्या प्रार्थनामंदिरातून आलेले एक पत्र, असे कितीतरी कागद होते. भाचीस अडचण येईल म्हणून त्यांनी साऱ्या घराण्याचा पुरावा बरोबर आणला होता.

त्याचे कारण असे. १९६२ साली तिकडच्या मुख्य धर्मपीठाने विवाह लावणाऱ्या अधिकाऱ्यांस निर्देश दिले की, बेने इस्राएल व्यक्तीचा विवाह समाजाबाहेरच्या यहुद्याशी व्हावयाचा असेल, तर तिची आई, आजी आणि त्यामागील पिढ्या यांची जमेल तितकी मागे जाऊन चौकशी करावी. शेकडो वर्षे एकाकी राहिलेल्या या समाजाने घटस्फोटाचे आणि निपुत्रिक विधवेविषयीचे नियम यथाशास्त्र पाळले असतील काय, परक्यांशी विवाहसंबंध झाले नसतील काय, अशा त्या शंका होत्या. ज्यांनी तेलाच्या घाण्यावरही शनिवार मोडला नाही, त्यांना स्वतःच्या देशात पोहोचल्यावर 'तुम्ही खरे कोण?' असा प्रश्न ऐकावा लागला. आत्याबाईंचे लग्न तेव्हाच रुमानियाहून आलेल्या एका तरुणाशी ठरले होते. ते अडले. कोकणातल्या पणजीचा विवाहलेख कोठून आणावयाचा? १९६४ च्या उन्हाळ्यात या समाजाच्या स्त्रीपुरुषांनी यरुशलेमात धरणे धरले. त्यांत आत्याबाईही होत्या. ऑगस्ट महिन्यात तेथील विधिमंडळाने, म्हणजे क्नेसेटने, हा समाज सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचा असल्याचे जाहीर केले आणि पुढे धर्मपीठानेही निर्देशांतून समाजाचे नाव वगळले. त्यानंतर आत्याबाईंचे लग्न झाले. "दोन वर्षं थांबले मी," त्या म्हणाल्या. "आणि तेही थांबले हो. दुसरी करून घेतली असती, तर कोण बोललं असतं?" हे यजमान आमच्या जाण्यापूर्वी दहा वर्षे निवर्तले होते.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मेंदी होती. नवरा मुलगा मोरोक्कोहून आलेल्या घराण्यातला. त्यांच्यातही मेंदीचा मोठा सोहळा असतो, त्यामुळे वरमाय स्वतःचे वाडगे घेऊनच आल्या, आणि कोणाची मेंदी अधिक रंगेल यावरून दोन्ही पक्षांत हसत हसत वाद झाला. पुरुष मंडळींनी मलिदा मांडला. भिजविलेले पोहे, साखर, ओले खोबरे, वेलदोडे, बेदाणे; भोवती फळे आणि वर गुलाबाचे फूल. हा एलियाहू नबीचा प्रसाद. नबीचा रथ अलिबागजवळ सागावच्या खडकावरून स्वर्गास गेला आणि घोड्याच्या टापांच्या खुणा तेथे उमटल्या, अशी या समाजाची श्रद्धा आहे. वाळवंटात बसून मंडळी हिब्रूत प्रार्थना म्हणत होती आणि प्रसाद मात्र कोकणचा वाटत होती.

हिरवी साडी नेसून मैत्रीण पाटावर बसली. आता चुडा भरावयाचा. आम्ही वळून पाहिले, तर आत्याबाई जागेवर नाहीत. त्या स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या होत्या. अगदी तशाच! एक हात चौकटीवर, पदर दोन्ही खांद्यांवरून. आमच्या वन्स तेथे कशा आल्या, असा क्षणभर भास झाला.

आम्ही जवळ गेलो. "आत्याबाई, चला ना. चुडा तुम्ही भरायचा."

"मी नको गं. तू सवाष्ण आहेस, तू भर."

"तुमच्या धर्मात असं सांगितलंय का?"

"धर्मात कुठलं? धर्मात विधवेनं पुन्हा लग्न केलं तरी चालतं. माझी आई असंच करायची, तिची आई असंच करायची." मग सहज विचारावे तसे त्यांनी विचारले, "तुमच्यातही हेच ना?"

वाचकहो, या प्रश्नाने आम्ही जागच्या जागी खिळलो. ज्या स्त्रीने स्वतःच्या लग्नासाठी यरुशलेमच्या रस्त्यावर बसून हक्क मागितला, ती भाचीच्या हातात काचेची बांगडी भरावयास धजत नव्हती. आणि ही भीती तिच्या शास्त्रातून आलेली नव्हती, ती कोकणात शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आलेली होती. पुरणपोळी दिली, मराठी दिली, हिरवा चुडा दिला, याचा अभिमान आम्ही तीन आठवडे मिरवीत होतो. त्याच हातांनी आम्ही हेही दिले होते. विधवेने पुन्हा विवाह करू नये हा समज, आणि 'गोरे इस्राएल' व 'काळे इस्राएल' असा आपसांतला भेदही, हा समाज आपल्याच शेजारी राहून शिकला. नवगावच्या किनाऱ्यावर जे पाहुणे आले, त्यांना आपण ना छळले ना हाकलले, ही गोष्ट खरी व भूषणावहही आहे. परंतु आपल्या घरातले दार आणि त्या दाराआडची जागा मात्र आपण त्यांना दाखवून ठेवली.

"हो," आम्ही म्हणालो. "आमच्यातही हेच आहे. पण ते चुकीचं आहे."

हे वाक्य आमच्या स्वतःच्या घरी आम्ही कधी उच्चारले नव्हते. परक्या घरी ते सोपे गेले, हेही येथे कबूल केले पाहिजे.

मैत्रिणीने पाटावरूनच दोन्ही हात पुढे केले. "आत्या, तू भरणार नसशील तर माझे हात असेच राहू देत." वरमायांस भाषा कळली नाही, प्रसंग कळला असावा. त्यांनी उठून आत्याबाईंस हाताला धरून आणले. आत्याबाई बसल्या. त्यांनी मैत्रिणीचा हात हातात घेतला, अंगठ्याचे मूळ हलकेच दाबले, "सैल सोड," म्हणाल्या, आणि एकामागून एक बांगड्या मनगटावर सरकू लागल्या. इतका सराईत हात कासाराचाही आम्ही पाहिलेला नाही. एकही वाढवली नाही.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, लग्न लागले. सृष्टीच्या उत्पत्तीच्या कथेत तिसऱ्या दिवशी देवाने 'उत्तम आहे' असे दोनदा म्हटले, म्हणून तो वार शुभ मानतात. वधू शुभ्र वस्त्रात येऊ लागली, तेव्हा छताखाली उभ्या असलेल्या वराने 'योनाती झिव' हे स्तोत्र गायिले. बेने इस्राएल वराने वधूकडे पाहत ते गावयाचे असते. हा वर त्या समाजाचा नव्हे; परंतु वधूची रीत म्हणून त्याने ते मुद्दाम शिकून घेतले होते. सूर दोन ठिकाणी चुकला, त्याचे कोणास काही वाटले नाही. तर्जनीत अंगठी घातली, केतुबा वाचला, द्राक्षरसाच्या पेल्यावर सात आशीर्वाद म्हटले गेले. आपली सात पावले आम्हांस आठवली. अखेरीस वराने पायाखाली काचेचा पेला फोडला. आनंदातही यरुशलेमच्या उद्ध्वस्त मंदिराचा विसर पडू नये, यासाठी ही रीत आहे. काचेचा आवाज होताच आत्याबाईंनी आमचा हात दाबला. "ही मात्र फुटली म्हणायची हं."

पुढल्या वर्षी, २०१९ च्या वैशाखात, आमच्या पुतणीचे लग्न निघाले. बांगड्या वन्सनीच पारखल्या. चुडा भरावयाच्या दिवशी मुलगी पाटावर बसली, बायका जमल्या, आणि वन्स नेहमीप्रमाणे माजघराच्या दाराआड जाऊन उभ्या राहिल्या. दिमोन्यात जे वाक्य सहज तोंडातून गेले, ते येथे घशाशी अडकले. समोर सासूबाई, दोन जावा, व्याह्यांकडची मंडळी. आमच्या ओठांस कोरड पडली. तरी आम्ही म्हणालो, "वन्स, पहिली बांगडी तुम्ही भरा."

कोणी बोलेना. वन्सनी मान हलविली. आम्ही तेथून उठून त्यांच्यापाशी गेलो. त्या आल्या त्या आमच्या आग्रहाने आल्या, की पुतणीने "आत्या" म्हणून हाक मारली म्हणून आल्या, हे सांगता येत नाही. त्यांनी बांगडी उचलली. हात थरथरत होता. मुलीच्या बोटांच्या पेरांवर ती बांगडी अडकली आणि कट्कन दोन तुकडे झाले.

बायकांनी एकमेकींकडे पाहिले. वन्सचा चेहरा पांढराफटक झाला. तेवढ्यात सासूबाईंनी पुढे वाकून तुकडे आपल्या ओच्यात घेतले आणि बांगड्यांचे तबक वन्सकडे सरकविले.

"वाढवली," त्या म्हणाल्या. "दुसरी घे."